पाण्यात न बुडालेली गाडी

जयवंतराव कदमांच्या घरात खंडेनवमीचा एक नियम आहे. देव्हाऱ्यापुढच्या तलवारीशेजारी जी वस्तू पुजायची ती स्वतःच्या मालकीची हवी. नियम कोणी घातला हे घरात कुणालाच सांगता येत नाही. पणजोबा बडोदे संस्थानात शिलेदार होते, एवढं ठाऊक आहे. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा, तेव्हा नियम तिथूनच आला असावा असा तर्क आहे. वडील धनाजीराव रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. ते खंडेनवमीला स्वतःचे पाने आणि पक्कड मांडत, पण वर्कशॉपचा एकही पाना त्यांत येऊ देत नसत. एकदा मेहुण्यांची स्कूटर दारात उभी होती आणि घरातल्या कुणीतरी तिच्या हँडलला झेंडूचा हार घातला. धनाजीरावांनी तो काढून घेतला. "दुसऱ्याच्या घोड्याला आपला हार कशाला?" म्हणाले. मेहुणे न जेवता गेले.

जयवंतराव छप्पन्न वर्षांचे आहेत. नवापुऱ्यातल्या एका गल्लीत तळमजल्यावर राहतात आणि नंदेसरीच्या एका रासायनिक कारखान्यात बॉयलर सांभाळतात. काचेच्या नळीतली पाण्याची पातळी आणि प्रेशरचा काटा यांच्यावर पाळी संपेपर्यंत नजर ठेवायची, हे त्यांचं काम. नव्याने लागलेल्या माणसाला ते पहिल्याच दिवशी सांगतात, "मिनिटभर डुलकी लागली आणि पाणी खाली गेलं, तर ही भिंत राहणार नाही. भिंतीपलीकडचेही राहणार नाहीत." कारखान्यात त्यांना सगळे 'बापू' म्हणतात. त्यांच्या पाळीत कधी काही झालेलं नाही.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी त्यांनी गाडी घेतली. कदमांच्या घरातली पहिली चारचाकी. गाडी नवी नव्हती. रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक लक्ष्मीकांत आठल्ये यांची पांढरी वॅगनआर होती. मान पूर्ण वळेनाशी झाल्यावर आठल्ये सरांनी गाडी चालवणं सोडलं होतं. हा व्यवहार जुळवला नारायण जगताप यांनी. नारायण जयवंतरावांच्याच कारखान्यात पॅकिंगला आहेत आणि आठल्ये सर राहतात त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. गाडी पुसलेली, सर्व्हिसची प्रत्येक पावती तारखेप्रमाणे लावलेली. किमतीवरून घासाघीस झाली नाही.

"नावाची काय घाई आहे, कदम?" सर म्हणाले होते. "वापरा आता. दिवाळी झाली की निवांत जाऊ आरटीओत. मी कुठे पळून चाललोय?"

"तसं नाही, सर. आमच्याकडे पूजेला ठेवायची तर स्वतःच्या नावावर लागते."

"सर, शिलेदार आहेत ते," नारायण म्हणाले. "घोड्यावर दुसऱ्याचं नाव असलं की यांना झोप येत नाही."

"असं होय! मग करून टाकू बुवा. उगाच झोपमोड नको."

जयवंतरावांनी रजा टाकली, एजंट धरला आणि दर्जीपुऱ्याला आरटीओत खेटे घालून गाडी वेळेत नावावर करून घेतली. खंडेनवमीला सकाळी फोनवर आरटीओच्या नोंदीत स्वतःचं नाव दिसलं, तेव्हाच त्यांनी हार आणला. दुसऱ्या दिवशी दसऱ्याचा फाफडा आणि जलेबी खायला गल्लीतले दारात जमले होते. राजेश्वरींनी गाडीला ओवाळलं. तेव्हा जयवंतरावांनी सगळ्यांसमोर एक वाक्य बोलून टाकलं.

"ही गाडी गल्लीची आहे. दवाखाना असो, स्टेशन असो, कधीही दार वाजवा. संकोच करायचा नाही."

गल्लीने संकोच केला नाही. दिवाळीपर्यंत गाडीने स्टेशनच्या फेऱ्या केल्या, एका बाळंतिणीला घरी आणलं, शेजारच्या चिमणाबाईंना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. चिमणाबाई पुढच्या सीटवर बसत आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला हात करत. राजेश्वरी म्हणत, "आपल्याला बसायला मिळेल का कधी या गाडीत?" जयवंतराव खूश होते.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी दाढी करता करता ते पडले. राजेश्वरी स्वयंपाकघरातून धावत आल्या, तेव्हा त्यांचे हातपाय झटके देत होते, डोळे वर गेले होते आणि तोंडाला साबणाबरोबर फेस आला होता. ते थांबायला थोडाच वेळ लागला. शुद्धीवर आल्यावर जयवंतरावांनी विचारलं, "आरसा कुणी फोडला?"

कारखान्याच्या डॉक्टरांकडे ते गेले नाहीत. कारखान्याच्या विम्याचं कार्डही काढलं नाही. अलकापुरीत एका खाजगी मेंदूतज्ज्ञाकडे गेले आणि तपासण्यांचे पैसे रोख भरले. डॉक्टर तरुण होते, सावकाश बोलत होते. फिट होती, म्हणाले. या वयात पहिल्यांदा येऊ शकते, गोळ्यांनी बहुधा ताब्यात राहील, पण पुन्हा येणार नाही असं आज कुणीही सांगू शकत नाही.

"गाडी चालवता?"

"हो."

"मी सांगेपर्यंत बंद. अगदी बंद. उंचावर चढायचं नाही. आग, पाणी, यंत्र यांच्याजवळ एकटं थांबायचं नाही. काम काय करता?"

"कंपनीत आहे," जयवंतराव म्हणाले. "ऑफिसात."

राजेश्वरी बाजूलाच बसल्या होत्या. त्यांनी पतीकडे पाहिलं. परत येताना रिक्षात म्हणाल्या, "आग, पाणी, यंत्र. बॉयलरला आणखी काय असतं हो?"

"हळू बोल."

"रिक्षावाल्याला काय कळतंय?"

"इथे सगळ्यांना मराठी कळतं."

घरी आल्यावर बोलणं झालं. जयवंतरावांचं म्हणणं स्पष्ट होतं. कारखान्यात एका कंट्रोल पॅनेलवरच्या माणसाला अशीच चक्कर आली होती. त्याला आधी गेटवर बसवलं, नंतर 'घरी आराम करा' म्हणून सांगितलं. बॉयलरवाल्याला तर गेटही मिळणार नाही. शौर्य, त्यांचा मुलगा, पुण्याला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. निवृत्ती दोन वर्षांवर आली आहे. गोळ्या चालू आहेत. कुणाला कळायचं कारण नाही.

"आणि तिथे आली तर?" राजेश्वरींनी विचारलं.

"येणार नाही."

"डॉक्टर पण असं म्हणाले नाहीत."

राजेश्वरींनाही दुसरा उपाय सुचत नव्हता. मग त्यांनी जे हातात होतं तेवढं मागितलं. कारखाना त्यांच्या ताब्यात नव्हता. गाडी दारात उभी होती.

"गाडी तरी चालवणार नाही ना?"

"नाही."

नुसतं न चालवणं सोपं नव्हतं. चिमणाबाईंची डोळ्यांची तारीख आली तेव्हा जयवंतरावांनी बॅटरी उतरली असल्याचं सांगितलं. चिमणाबाईंचा पुतण्या उन्मेष लगेच आपल्या टेंपोची केबल घेऊन आला. बॉनेट उघडण्याआधी त्याने सहज किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली.

"काका, एक नंबर चालू छे ने! कोण म्हणालं उतरली?"

"सकाळी होत नव्हती."

"चला मग, बसा. आत्या तयारच आहे."

"माझं मनगट दुखतंय रे. तू घेऊन जा."

उन्मेष घेऊन गेला. पुढच्या वेळी मनगटाची चौकशी झाली. त्याच्या पुढच्या वेळी चिमणाबाई स्वतः म्हणाल्या, "नसेल जमत तर तसं सांगा, जयवंतराव. आम्ही काय मागायला आलो होतो का? तुम्हीच म्हणालात, दार वाजवा." त्या रागावल्या नव्हत्या, नुसतं सांगत होत्या. पण त्याच आठवड्यात सकाळी त्यांच्या डोळ्यातून पाणी वाहायला लागलं, उन्मेष टेंपो घेऊन सावली गावाला गेलेला होता, रिक्षा मिळेना, आणि जयवंतरावांनी खुंटीवरची किल्ली काढली.

गाडी वळवून ते गल्लीच्या तोंडाशी आले तर राजेश्वरी पुढे उभ्या. हाताला कणीक तशीच. चिमणाबाई पुढच्या सीटवर डोळ्याला पदर लावून बसल्या होत्या. दोन्हीकडच्या ओट्यांवर माणसं होती. खरं कारण बोलता येत नव्हतं.

"आज अमावास्या आहे," राजेश्वरी म्हणाल्या. "आज आमची गाडी बाहेर काढायची नाही."

"अगं, डोळा दुखतोय त्यांचा."

"अमावास्या आहे म्हटलं ना. उतरा."

अमावास्या होऊन गेली होती. ओट्यावरच्या कुणीतरी तसं म्हटलंही. राजेश्वरी हटल्या नाहीत. शेवटी जयवंतराव उतरले, चिमणाबाईंना हात धरून उतरवलं, आणि गल्लीच्या तोंडावरच्या सोसायटीतल्या एकाची स्कूटर मागून घेऊन त्यांना कुणाबरोबर तरी पाठवलं. चिमणाबाईंना संसर्ग झाला होता, औषधाने बरा झाला. राजेश्वरींशी त्या नंतर बोलेनाशा झाल्या. राजेश्वरींनी त्या दिवशी पतीला एवढंच सांगितलं, "किल्ली घरात असली की तुम्ही नाही म्हणू शकत नाही. विका ती."

जयवंतराव कबूल झाले.

जुनी गाडी विकायला काढली की येणारा माणूस टायर बघण्याआधी एक प्रश्न विचारतो: का विकता? त्याचं उत्तर पटलं नाही तर पुढचं काही पटत नाही. जयवंतरावांची गाडी दसऱ्याला नावावर झाली होती आणि मार्गशीर्षात विकायला निघाली होती. घेणाऱ्याला हे फोनवरच दिसत होतं. शिवाय आता ही गाडी दोन नावांवर चढलेली होती. घेणारा तिसरा मालक ठरणार होता. आठल्ये सरांचं ऐकून नाव बदललं नसतं तर कदाचित गाडी त्यांना परतही देता आली असती. आता सरांकडे जायचं म्हणजे त्यांनाही कारण सांगणं आलं, आणि सर रोज सकाळी कामाठीबागेत ज्या बाकावर बसत तिथे अर्धं बडोदं येऊन जात असे.

पहिल्या माणसाला जयवंतरावांनी सांगितलं, मुलगा नवी गाडी घेऊन देतोय. माणसाने विचारलं, कुठली, किती वेटिंग आहे, कुठल्या शोरूममधून. त्यांना नीट सांगता आलं नाही. दुसऱ्याला म्हणाले, पुण्याला राहायला जातोय. तो योगायोगाने उन्मेषच्या ओळखीचा निघाला आणि संध्याकाळी गल्लीत विचारणा झाली, "काका, बडोदं सोडताय?" तिसऱ्याला त्यांनी गुडघे दुखतात असं सांगितलं आणि गाडी दाखवायला पटकन वाकून मागच्या सीटखाली शिरले.

आणि मग पुराचा संशय आला. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हापासून बडोद्यात जुनी गाडी घेणारा माणूस आधी वास घेतो. मग पायाखालचं मॅटिंग उचलतो. मग सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघतो, कारण गाळाची रेघ बेल्टच्या आतल्या टोकाला राहून जाते. जयवंतरावांच्या गाडीत रेघ नव्हती, वास नव्हता, गंज नव्हता.

"एवढी चोख?" एक गिऱ्हाईक बेल्ट सोडत म्हणालं. "आतून सगळी खोलून धुतलेली दिसते."

"धुतलेली नाही. पाण्यात गेलीच नव्हती."

"मग विकता कशाला, साहेब?"

जयवंतराव दुसऱ्या बाजूचं दार लावायला वळले, आणि गिऱ्हाईकाने मॅटिंग परत नीट बसवलंही नाही.

डिसेंबर संपत आला. शौर्यने पुण्याहून एका ॲपवर नोंद केली. तिथूनही माणूस येऊन बघून गेला आणि तोच प्रश्न विचारून गेला. शौर्यलाही खरं कारण सांगितलेलं नव्हतं. "बाबा, मग ठेवून द्या ना. मी सुट्टीत चालवीन," तो म्हणाला. राजेश्वरींनी किल्ली डाळीच्या डब्यात ठेवली होती. जयवंतरावांना ती कुठे आहे हे माहीत होतं. त्यांना माहीत आहे हे राजेश्वरींनाही माहीत होतं.

जानेवारीत सावलीहून जशुभाई आले. पुराच्या गाड्या घेऊन, खोलून, दुरुस्त करून खेड्यापाड्यात विकण्याचा त्यांचा धंदा. जाडजूड, हसतमुख माणूस, बोलणं अर्धं गुजराती, अर्धं मराठी. गाडीभोवती एक फेरी मारून ते ओट्यावर बसले आणि राजेश्वरींनी आणलेलं पाणी प्याले.

"कदमसाहेब, गाडी छान आहे. पण कारण सांगा ने. कारण वगर कोई गाडी ना वेचे, कुणी विकत नाही."

"असंच. नको झाली."

"नको झाली! दसऱ्याला बायको आणली आणि संक्रांतीला नको झाली?" जशुभाई मोठ्याने हसले. समोरच्या ओट्यावरून उन्मेषही हसला. मग जशुभाई पुढे झुकले आणि आवाज उतरवून म्हणाले, "पाण्याची आहे ने?"

जयवंतरावांनी पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला.

"बस! एवढं बोलायला दोन महिने? एमां शरम शेनी? लाज कसली त्यात? अर्ध्या बडोद्याच्या गाड्या पाण्यात होत्या. तुम्हाला कुणीतरी टोपी घातली, तुमच्या लक्षात आलं, तुम्ही काढताय. सीधी वात छे. मला चालते पाण्याची. माझा धंदाच तो."

जयवंतरावांनी आतल्या दाराकडे पाहिलं. राजेश्वरी उंबऱ्यात उभ्या होत्या. एवढ्या आठवड्यांत पहिल्यांदा कुणीतरी असं कारण समोर ठेवलं होतं की त्याच्यापुढे दुसरा प्रश्न येत नव्हता.

"हो," ते म्हणाले. "पाण्यात होती."

पुढचं सगळं एका तासात झालं. भाव पाण्याच्या गाडीचा लागला आणि जयवंतरावांनी तो घेतला. जशुभाईंनी मॅटिंग उचलून बघितलं, बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं. त्यांना काय कळायचं ते कळलं असावं. "साफ मात्र मस्त केलीय," एवढंच म्हणाले आणि घाईने व्यवहार उरकला. नाव बदलण्यासाठी मोबाइलवर आलेला आकडा जयवंतरावांनी वाचून दाखवला. गाडी गल्लीतून बाहेर पडली तेव्हा राजेश्वरी आत निघून गेल्या होत्या.

उन्मेषने ऐकलं होतं. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. गल्लीला बरंच वाटलं, कारण आता सगळ्याचा अर्थ लागत होता: बॅटरी, मनगट, अमावास्या. चिमणाबाई स्वतः आल्या. "आधी सांगायचं नाही का, जयवंतराव? अशा गाडीत मला बसवायला नको म्हणून राजेश्वरी आडवी आली, आणि मी वेडी तिच्यावर रुसले. त्या प्रोफेसरला काही वाटलं नाही? शिकलेला माणूस!"

जयवंतराव म्हणाले, "जाऊ द्या आता."

राजेश्वरींनी चिमणाबाईंना तिळाचे लाडू दिले. त्या गेल्यावर म्हणाल्या, "सरांवर ढकललंत तुम्ही."

"मी सरांचं नाव घेतलेलं नाही."

"घ्यायला कशाला हवं? गाडी कुणाची होती?"

कारखान्याच्या बसमध्ये नारायण जगतापांच्या कानावर ते आलं, आणि नारायण पेटले. व्यवहार त्यांनी जुळवला होता. "बापूंना फसवलं म्हणजे मला फसवलं," ते बसमध्ये उभे राहून म्हणाले. "मी विचारतो त्यांना. खालच्या मजल्यावर राहतो म्हणून काय झालं?" जयवंतरावांनी त्यांना दोनदा सांगितलं की काही विचारायची गरज नाही. नारायणना तो मोठेपणा वाटला.

नारायणनी विचारलं. आणि एका दुपारी, जयवंतरावांची दुसरी पाळी होती त्या दिवशी, आठल्ये सर स्वतः नवापुऱ्यात आले. बरोबर नारायण होते. त्यांचीही दुसरीच पाळी होती, तिथूनच बसला जायचं म्हणून डबा बरोबर घेऊन आले होते. सर उंच, सावकाश चालणारे, मान वळत नाही म्हणून बोलताना सगळं अंग वळवणारे. खुर्चीवर बसले.

"कदम, मी भांडायला आलेलो नाही," ते म्हणाले. "मला फक्त समजून घ्यायचंय. मी पूर आला त्याच्या आधीच्या आठवड्यात नाशिकला गेलो होतो, मोहनाकडे, माझ्या मुलीकडे. गाडी घेऊन. रस्ते सुरू झाल्यावर परत आलो. हे बघा." त्यांनी फोन पुढे केला. फोटोत एका बंगल्याच्या दारात तीच पांढरी गाडी होती आणि बॉनेटवर पाचसहा वर्षांची मुलगी बसली होती. "ही सानवी. तारीख बघा वर. त्या दिवशी इथे आमच्या पार्किंगमध्ये कमरेइतकं पाणी होतं. गाडी इथे असती तर गेलीच असती, मी मान्य करतो. पण ती इथे नव्हती."

जयवंतरावांनी फोटो पाहिला. तारीखही पाहिली.

"सर, फोटोतली तारीख काय, कशीही करता येते," नारायण म्हणाले.

"नारायण, मी तुमच्याशी बोलत नाही." सरांचा आवाज चढला नाही. "कदम, तुम्ही यंत्रावरचे माणूस आहात. न बघता बोलणार नाही. म्हणून विचारतो. तुम्हाला पाण्याची खूण कुठे दिसली? माझ्या नकळत काही झालं असेल, नाशिकच्या वर्कशॉपमध्ये, कुठेही, तर मला कळायला हवं. तुमचं नुकसान मी भरून देईन. पण दिसलं काय, ते सांगा."

राजेश्वरी चहा घेऊन आल्या होत्या. ट्रे हातातच होता.

त्या खोलीत तेव्हा एक माणूस नसता तर जयवंतरावांनी सांगितलं असतं, असं राजेश्वरींना वाटतं. सरांना सांगणं शक्य होतं. पण नारायण वेताच्या मोड्यावर बसले होते, डबा मांडीवर, कान टवकारून. नारायणना कळलं की बसला कळणार, आणि बस कारखान्याच्या गेटात उभी राहते.

"बापू, सांगा ने," नारायण म्हणाले. "घाबरताय कशाला? सांगा त्यांच्या तोंडावर."

"सीटखाली," जयवंतराव म्हणाले. "सीटखाली गाळ होता."

"कुठल्या सीटखाली?"

"ड्रायव्हरच्या."

"कसा होता? वाळलेला? रंग?"

"काळपट. वाळलेला."

"बघा!" नारायण म्हणाले. "मी काय म्हणत होतो?"

आठल्ये सर थोडा वेळ जयवंतरावांकडे बघत राहिले. चाळीस वर्षं विद्यार्थ्यांची तोंडी परीक्षा घेतलेला माणूस. मग फोन खिशात ठेवून उठले. "ती सीट मी दर महिन्याला काढून झाडत असे," म्हणाले. "ठीक आहे." राजेश्वरींच्या हातातल्या ट्रेकडे त्यांनी पाहिलं. "चहा नको. तसदी दिली तुम्हाला." नारायणनी हात पुढे केला, तो न धरता ते ओट्याच्या पायऱ्या उतरले. एकेक पायरी, अंग तिरकं करून. राजेश्वरी ट्रे खाली ठेवून दारापर्यंत गेल्या आणि "सर" म्हणाल्या. सर थांबले, अख्खे वळले. जयवंतराव मागे बूट घालत होते, नारायण त्यांच्या शेजारी उभे होते.

"शेवटची पायरी मोडकी आहे," राजेश्वरी म्हणाल्या.

बसमध्ये नारायणनी सगळ्यांना ते ऐकवलं: सर कसे फोटो घेऊन आले, बापूंनी कसं दोन शब्दांत गप्प केलं. कुणीतरी मागून ओरडलं, "शाब्बास, बापू!" जयवंतराव खिडकीपाशी बसले होते. पाळी सुरू झाली. त्यांनी चार्ज घेतला, काचेतली पातळी पाहिली, काटा पाहिला.

कारखान्यात आत मोबाइल चालत नाही, गेटवर जमा करावा लागतो. कँटीनच्या काउंटरवर एक जुना फोन आहे. फिट येऊन गेल्यापासून दुसऱ्या पाळीच्या जेवणाच्या सुट्टीत जयवंतराव त्यावरून घरी फोन करतात. बोलणं कधीच लांबत नाही. राजेश्वरी विचारतात, ते "ठीक" म्हणतात आणि ठेवतात. त्या दिवशीही त्यांनी केला. काउंटरला लागूनच्या टेबलावर नारायण आणि आणखी तिघं डबे उघडून बसले होते.

"बरं आहे ना?" राजेश्वरींनी विचारलं.

"हो."

"मी सरांकडे जाऊन येते. आत्ता. त्यांना एकट्यांना सांगते. ते कुणाला बोलणार नाहीत."

जयवंतरावांनी टेबलाकडे पाठ केली.

"ऐकताय ना? नारायण तिकडेच आहेत, घरी फक्त सर आणि त्यांच्या मिसेस असतील. जाऊ?"

"जेवतोय," जयवंतराव म्हणाले.

"मी काय विचारतेय? जाऊ का नको, एवढं सांगा."

"बापू, वहिनींना म्हणावं तुमच्या लोणच्याची बरणी संपवली आम्ही!" टेबलावरून नारायण ओरडले. बाकीचे हसले.

"लोणचं आवडलं म्हणतायत," जयवंतराव म्हणाले.

"म्हणजे नको," राजेश्वरी म्हणाल्या.

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. नारायणनी डबा आवरत हाक मारली, आणि जयवंतरावांनी "ठेवतो" म्हणून फोन ठेवला.

राजेश्वरींनी चपला घातल्या होत्या. त्या तशाच बराच वेळ दारात उभ्या राहिल्या. सरांकडे त्या गेल्या नाहीत.